तळहातांच्या सोरायसिसवर ‘पुवा सोक’: उपचाराचा रिव्ह्यू

तळहातांना सोरायसिस आहे, मलमं लावून जीव मेटाकुटीला आलाय आणि कुणीतरी ‘पुवा सोक करून बघा’ असं सुचवलंय, अशांसाठी हे लिहिते आहे. पुवा म्हणजे सोरालेन नावाचं औषध आणि यूव्हीए हे अतिनील किरण यांची जोडी; सोक म्हणजे त्या औषधाच्या पाण्यात हात भिजवून मग त्यांवर ते किरण घ्यायचे. दवाखान्याचं नाव मुद्दाम देत नाही. त्वचारोग विभाग असलेल्या बऱ्याच ठिकाणी हा उपचार मिळतो आणि तो नीट केला जातोय का, हे ओळखता आलं तर नावाची गरज उरत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. उपचार चांगला आहे, मला त्याने फरक पडला. पण यातलं औषध हे अर्धंच काम करतं. उरलेलं अर्धं काम प्रकाशाचं, आणि तो प्रकाश कोण मोजतं, कसा मोजतं, यावर सगळी मदार आहे.

मी तासगावच्या एका पतसंस्थेत रोखपाल आहे. सकाळी दहापासून हातात नोटा. तळहाताची कातडी जाड होऊन पांढरट खपल्या धरायची, मग अंगठ्याच्या मुळाशी आणि बोटांच्या पेरांवर भेगा पडायच्या. नव्या नोटांच्या गड्डीची कड त्या भेगेत गेली की डोळ्यांत पाणी यायचं. स्पंजचं पाणी झोंबायचं ते वेगळंच. पावती देताना समोरची बाई टोकाला धरून घ्यायची, हाताला हात लागू नये म्हणून. सोरायसिस हा स्पर्शाने पसरत नाही. शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा आपल्याच कातडीला घाई करायला लावते आणि महिन्याभरात तयार व्हायची ती पेशी काही दिवसांतच वर येऊन थर साचतो, एवढंच त्यात आहे. हे मी काउंटरवर किती जणांना सांगितलं असेल, पण ऐकून घेणारे थोडे.

स्टिरॉइडचं मलम रात्री लावून वर प्लास्टिकचे हातमोजे, सॅलिसिलिक ॲसिडचं मलम, पेट्रोलियम जेली, हे सगळं करून झालं होतं. मलम लावलं की उतार, सोडलं की पुन्हा तेच. तळहाताची कातडी मुळातच जाड, त्यात सोरायसिसने आणखी जाड झालेली. सांगलीच्या डॉक्टरांनी पुवाचं नाव काढलं ते म्हणूनच. हल्ली प्रकाशोपचारात ३११ नॅनोमीटरचा नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचाच दुसरा प्रकार, जास्त वापरतात, तो सोपा आणि जास्त सुरक्षित आहे. पण तळहात-तळपायांच्या जाड कातडीत यूव्हीए जास्त खोल पोचतो, त्यामुळे तिथे पुवा अजून टिकून आहे. डॉक्टरांनी हे नीट समजावून सांगितलं आणि पहिला गुण मी तिथेच दिला.

प्रत्यक्षात होतं असं. एका ट्रेमध्ये कोमट पाणी घेतात. सिस्टर सिरिंजमध्ये मेथॉक्ससॅलेनचं द्रावण मोजून काढतात, पाण्यात सोडतात, ढवळतात. हातांच्या पाठीला सनस्क्रीन लावायचं, तळहात पंधरा मिनिटं पाण्यात पालथे ठेवायचे. पाण्याला ना रंग, ना म्हणावा असा वास. नुसत्या पाण्यात हात घालून बसल्यासारखं वाटतं आणि यात काय औषध असणार, असं मनात येतं. मग हात टिपून कोरडे करायचे, चोळायचे नाहीत. डोळ्यांना गॉगल. समोर टेबलावर ठेवलेली एक पेटी, आत नळ्यांसारखे दिवे, वर जाळी. जाळीवर तळहात ठेवायचे, दिवे निळसर उजळतात, थोडी ऊब जाणवते, टायमर वाजतो, संपलं. पहिल्या वेळी दिव्याखालचा वेळ इतका थोडा होता की एवढ्यासाठी तासगावहून आलो का, असं सोबत आलेल्या माझ्या जाऊबाई म्हणाल्या.

तो वेळ थोडा का, ते सिस्टरनी वहीत आकडेमोड करून दाखवलं आणि माझ्यासारखीला ते लगेच पटलं. मात्रा ज्यूलमध्ये ठरते, मिनिटांत नाही. दिव्यांचा जोर मीटरने मोजतात. समजा जोर दर चौरस सेंटिमीटरला १० मिलीवॉट आहे आणि मात्रा १ ज्यूल द्यायची आहे, तर १०० सेकंद लागतात. दिवे वापरून वापरून मंदावतात. जोर ८ मिलीवॉटवर आला की त्याच मात्रेला १२५ सेकंद. मीटर न लावता जुन्याच सेकंदांवर चालवलं, तर पेशंटला कमी मात्रा मिळते. आणि नवे दिवे बसवल्यावरही तेच सेकंद ठेवले, तर एका दिवसात जास्त. माझ्या वहीत प्रत्येक बैठकीची तारीख, मात्रा, सेकंद आणि आतापर्यंतची बेरीज आहे. रोज संध्याकाळी रोकड जुळवणाऱ्या बाईला अशी वही दिसली की विश्वास बसतो.

आता त्या पाण्यात काय असतं ते. मेथॉक्ससॅलेन हे सोरालेन कुळातलं द्रव्य. अंधारात ते जवळजवळ निष्क्रिय असतं. पेशीच्या आत शिरून डीएनएच्या जिन्यासारख्या पायऱ्यांमध्ये जाऊन बसतं आणि नुसतं बसून राहतं. ३२० ते ४०० नॅनोमीटरचा यूव्हीए त्यावर पडला, की ते डीएनएच्या एका धाग्याला चिकटतं, आणि आणखी प्रकाश मिळाला की दुसऱ्या धाग्यालाही. दोन्ही धागे एकमेकांना टाचले गेले की पेशीला विभागता येत नाही. सोरायसिसमध्ये पेशींना जी घाई झालेली असते, ती तिथे अडते. शिवाय त्या जागी गर्दी केलेल्या रोगप्रतिकारक पेशीही कमी होतात. प्रकाश नाही तर परिणाम नाही, आणि प्रकाश जेवढ्या भागावर पडेल तेवढ्याच भागावर परिणाम. मला यातली ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण पोटात घ्यायच्या कितीतरी औषधांना असं ‘इथेच काम कर’ म्हणून सांगता येत नाही.

आणि हे द्रव्य आपल्या ओळखीचं आहे. बावची. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणाऱ्या त्या काळपट, चपट्या, किंचित चिकट बिया. आयुर्वेदात श्वित्रावर, म्हणजे आपण ज्याला कोड म्हणतो त्यावर, बाकुची देऊन उन्हात बसवायची रीत जुनी आहे. १९३३ साली जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांतून सोरालेन वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं. तिकडे इजिप्तमध्ये नाईलच्या खोऱ्यात उगवणाऱ्या अम्मी माजुस या गाजराच्या कुळातल्या झुडपाच्या बिया अशाच वापरात होत्या. त्यातून १९४७ च्या सुमारास मेथॉक्ससॅलेन हाती आलं आणि कैरोच्या अब्देल मोनेम अल मुफ्ती यांनी ते कोडाच्या रुग्णांवर वापरून पाहिलं. १९७४ साली बॉस्टनमध्ये पॅरिश, फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी मेथॉक्ससॅलेनच्या गोळ्या आणि यूव्हीएचे दिवे एकत्र वापरून सोरायसिस आटोक्यात येतो हे दाखवलं. त्या निबंधाच्या चार लेखकांत मधू पाठक हे एक नाव आहे. उन्हाऐवजी दिवा आला आणि मात्रा मोजता येऊ लागली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी पायरी ती हीच.

उन्हाबद्दल मी एवढी आग्रहाने बोलते त्याला कारण आहे. सांगलीला यायच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी मला याच औषधाचं लोशन लिहून दिलं होतं. ‘लावा आणि थोडा वेळ उन्हात हात धरा.’ थोडा म्हणजे किती, सकाळचं ऊन की दुपारचं, जानेवारीतलं की एप्रिलमधलं, काही नाही. चिठ्ठीवर फक्त लोशनचं नाव. तासगावचं एप्रिलचं ऊन काय असतं ते द्राक्षबागेत काम केलेल्या कुणालाही विचारा. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही, दुसऱ्या दिवशीही विशेष नाही. मनगटाच्या आतल्या बाजूची पातळ कातडी तिसऱ्या दिवशी लाल झाली, मग टरारून फोड आले, आणि ते बरे झाल्यावर राहिलेला काळा डाग कित्येक महिने दिसत होता.

सांगलीच्या सिस्टरना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी जे समजावलं, ते त्या पहिल्या ठिकाणी एका वाक्यात सांगता आलं असतं. नेहमीचं ऊन लागलं की लाली दिवसभरात दिसते. सोरालेनसोबतची लाली उशिरा येते, दोन ते चार दिवसांनी टोकाला जाते. म्हणजे आज जास्त झालं तर आज कळत नाही. म्हणूनच लागोपाठच्या दिवशी बैठक देत नाहीत, मध्ये अंतर ठेवतात आणि मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवतात. ‘ताई, आज काही वाटत नाही म्हणून परवा वाढवून मागू नका,’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. असा माणूस दिव्याच्या पेटीपाशी असणं, हेच मी या सेवेचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य समजते.

परतीच्या प्रवासाची सूचनाही त्यांचीच. एसटीत उन्हाच्या बाजूची खिडकी नको. काच लावली म्हणून भागत नाही, साध्या काचेतून यूव्हीबी अडतो पण यूव्हीए बराचसा आत येतो, आणि आपल्याला भीती यूव्हीएचीच. त्यामुळे हात धुवायचे, सनस्क्रीन लावायचं, सुती हातमोजे घालायचे आणि त्या दिवशी अंगणात धुणं वाळत घालायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं. लिंबू पिळायचं काम, अंजिराचा चीक, हेही त्या दिवशी टाळा म्हणाल्या. लिंबाच्या सालीत आणि अंजिराच्या चिकात याच कुळातली द्रव्यं असतात. हातावर लिंबाचा रस, वरून कडक ऊन, आणि दोन दिवसांनी ओघळाच्या आकाराचा डाग, असे पेशंट त्यांच्याकडे उन्हाळ्यात येतात.

हे ऐकून आमच्या घरच्या गाईची आठवण झाली. चाऱ्याचा तुटवडा होता त्या साली ती बांधावरची घाणेरी खाऊन बसली होती. अंगावरच्या पांढऱ्या भागाची कातडी सोलून निघाली, काळ्या भागाला काही नाही. गुरांच्या डॉक्टरांनी आधी तिला गोठ्यात अंधारात बांधायला लावलं तेव्हा आम्हाला नवल वाटलं होतं. तिथे वाट निराळी असते. घाणेरीच्या विषाने यकृत बिघडतं, मग हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्याचा एक अवशेष शरीराबाहेर पडण्याऐवजी रक्तात साचतो आणि तो उन्हात कातडी जाळतो. पण वनस्पतीतलं द्रव्य आणि ऊन एकत्र आल्यावर काय होऊ शकतं, ते मी त्या गाईच्या पाठीवर पाहिलंय.

म्हणून बावचीच्या तेलाच्या बाटलीबद्दल स्पष्ट लिहिते. माझ्या चुलत सासूबाईंच्या पायावर कोड आहे. त्या बाजारातून तेल आणतात. ती बाटली मी हातात घेऊन चारी बाजूंनी वाचली. गुण भरपूर लिहिलेत. सोरालेन किती आहे ते नाही. लावल्यावर किती वेळाने आणि किती मिनिटं उन्हात बसायचं ते नाही. फोड येऊ शकतात असं नाही. बी चांगली असेल, तेल चांगलं काढलं असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आयुर्वेदाचे जाणकार वैद्य बावची शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत, गोमूत्रात किंवा आल्याच्या रसात भिजवतात, आणि पेशंटची प्रकृती पाहून देतात. बाटलीमागे असा कुणी उभा नसतो. पोटात घेण्याच्या बावचीच्या चूर्णाने यकृताला इजा झाल्याच्याही वैद्यकीय नोंदी आहेत. सासूबाईंना मी आता त्वचारोगतज्ज्ञांकडे नेते आहे. कोडासाठी त्यांना नॅरोबँड सुचवलाय, आणि पावलांच्या बोटांवर रंग परत यायची आशा कमी, नडगीवर बरी, हेही सांगितलंय. नवा रंग बहुतेक केसांच्या मुळाशी असलेल्या रंगपेशींतून ठिपक्याठिपक्यांनी येतो, जिथे केस नाहीत तिथे तो यायला जागाच नसते. खरं सांगणारा डॉक्टर मिळाला, म्हणून त्या रागावल्या नाहीत.

जाता जाता, याच बीमधलं बाकुचिओल हल्ली महागड्या सीरमच्या बाटल्यांवर दिसतं. माझ्या भाचीने ‘मावशी, हे तुझंच औषध ना?’ म्हणून विचारलं. ते नाही. बाकुचिओल हे सोरालेन नव्हे, त्याची जात वेगळी. १९६६ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि सहकाऱ्यांनी बावचीतून वेगळं केलं होतं. प्रकाशाने जागं होणारं द्रव्य हवं असेल तर ते कामाचं नाही, आणि सीरम म्हणून वापरायचं तर त्यात सोरालेन उरलेलं नाही अशी शुद्ध जात हवी.

सोरालेनची मजल कातडीवर थांबलेली नाही, हे मला डॉक्टरांकडूनच कळलं आणि मग मी वाचत गेले. १९८७ साली येल विद्यापीठाच्या रिचर्ड एडेलसन यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाचं रक्त बाहेर काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांच्यात मेथॉक्ससॅलेन असताना त्यांच्यावर यूव्हीए सोडायचा आणि त्या परत शरीरात घालायच्या. कातडीत दिसणाऱ्या एका रक्तकर्करोगासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये याला मान्यता मिळाली. नंतर अस्थिमज्जा-प्रत्यारोपणानंतरच्या गुंतागुंतीतही ही पद्धत वापरात आली. सेंट जॉन्स वर्ट या युरोपीय वनस्पतीतलं हायपरिसिन तर दृश्य प्रकाशाने जागं होतं. त्याचं मलम लावून वर साधा, अतिनील नसलेला प्रकाश द्यायचा, अशा चाचण्या त्याच कर्करोगाच्या कातडीवरच्या चट्ट्यांसाठी झाल्या आहेत. अतिनील किरण टाळता आले तर डीएनएला होणारी इजा टळेल, हे त्यामागचं कारण. माझ्या तळहातांसाठी असं काही उद्या आलं तर मी रांगेत पहिली असेन.

कारण पुवाची किंमत आहे आणि ती लपवून चालणार नाही. जे द्रव्य डीएनएला टाचण्या मारतं, ते वर्षानुवर्षं वापरलं तर कर्करोगाचा धोका वाढवू शकतं. अमेरिकेत १९७५-७६ मध्ये गोळ्यांची पुवा घेतलेल्या १३८० रुग्णांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला. खूप बैठका घेतलेल्यांत त्वचेचा स्क्वेमस पेशींचा कर्करोग स्पष्टपणे वाढलेला दिसला. ते बहुतेक गोऱ्या कातडीचे लोक होते, आणि गोळ्यांची, पूर्ण अंगावरची पुवा होती. आपली कातडी सावळी आहे, माझी पुवा दोन तळहातांपुरती आहे, धोका त्या मानाने बराच कमी. तरी वहीतली ती बेरीज त्यासाठीच असते. पूर्ण अंगाच्या पुवाला आयुष्यभरात साधारण दीडशे-दोनशे बैठकांच्या आत राहायचा संकेत आहे. तुम्ही दवाखाना बदललात तर वही सोबत न्या, आधीच्या बैठका नव्या डॉक्टरांना कळल्याच पाहिजेत.

गोळ्या घेणाऱ्यांची पथ्यं जास्त कडक. गोळी पोटात गेली की ती डोळ्यांतही पोचते, म्हणून त्या दिवशी घराबाहेरच नव्हे, खिडकीपाशीही यूव्हीए अडवणारा चष्मा. बऱ्याच जणांना मळमळतं. गरोदरपणी देत नाहीत, लहान मुलांना सहसा देत नाहीत, यकृताच्या आणि डोळ्यांच्या तपासण्या आधी करतात. पाण्यात हात बुडवण्याच्या पद्धतीत रक्तात फारसं काही जात नाही. मला मळमळीचा त्रास कधी झाला नाही, आणि माझ्यासाठी तोच या पद्धतीचा मोठा फायदा ठरला.

फरक कधी पडला? पहिला महिना काहीच नाही, उलट तळहात थोडे काळवंडले, ते अपेक्षितच असतं. दुसऱ्या महिन्यात भेगा मिटायला लागल्या. मग एक दिवस दुपारी गर्दीच्या वेळी मी स्पंज न वापरता शंभराच्या नोटांची गड्डी मोजून संपवली आणि मोजताना हात दुखला नाही हे गड्डीला रबर लावताना ध्यानात आलं. कातडी पूर्ण स्वच्छ झालेली नाही. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक पट्टा अजून हट्टाने आहे, थंडीत तो जाड होतो. सोरायसिस मुळापासून जातो असं मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर मी तिथून उठून आले असते.

तक्रारी दोन. दर बैठकीला चारशेच्या आसपास रुपये आणि वर एसटीचं भाडं, हे आठवड्यातून दोनदा महिनोन् महिने म्हटलं की खिशाला लागतं. सरकारी रुग्णालयात स्वस्त पडतं, पण पेटी चालू आहे ना आणि द्रावण शिल्लक आहे ना, ते आधी फोन करून विचारा. दुसरं म्हणजे वेळ. प्रकाशोपचार फक्त सकाळी अकरा ते दुपारी एक. नोकरी करणाऱ्या माणसाने दर खेपेला अर्धी रजा टाकायची का? आमच्या व्यवस्थापकांनी समजून घेतलं, सगळ्यांना असे साहेब मिळत नाहीत. संध्याकाळी सहानंतर एक तास ठेवला तर उपचार अर्धवट सोडणारे कितीतरी पेशंट टिकतील, शिवाय परत जाताना ऊनही नसेल. हे मी दवाखान्यात तोंडी सांगितलंय आणि लेखीही देणार आहे.

पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा तारा त्या वेळेपायी कापला. जाणार असाल तर त्या सकाळी हाताला मलम लावून जाऊ नका, थर असला की प्रकाश अडतो. आणि पहिल्याच दिवशी विचारा, दिव्यांचा जोर शेवटचा कधी मोजला होता.